कोयत्याचं म्यान आणि गुराख्याची पिशवी

(केडगाव, अहिल्यानगर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषयाचं नाव ऐकून काहींना गंमत वाटली असेल. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस चामड्याच्या पिशव्यांवर काय बोलणार? पण आम्ही काही आगंतुकपणे या विषयात घुसलेलो नाही. आमच्या शास्त्राचा जो मूळपुरुष, सॉक्रेटिस, त्याच्यावर त्याच्या काळातल्या मोठ्या लोकांचा एक आक्षेपच असा होता, की हा माणूस बोलायला लागला की सारखे चांभार, परीट, आचारी आणतो. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात कॅलिक्लीज नावाचा गृहस्थ यावरून त्याच्यावर अक्षरशः वैतागतो. तेव्हा आज आम्ही चांभार आणला, तर परंपरेला धरूनच आहे.

आता ‘गुराखी’ म्हटलं की हल्लीच्या पोरांच्या डोळ्यांपुढे अमेरिकन सिनेमातला घोडेस्वार येतो. टोपी, बूट, कमरेला चामडी पट्टा, पट्ट्याला सुरीचं म्यान, खोगिराला अडकवलेल्या पिशव्या. तो सगळा साज तिकडे स्पॅनिश गुराख्यांकडून, मेक्सिकोमार्गे आला. त्यांचा फास टाकायचा दोरसुद्धा मुळात कच्च्या कातड्याच्या वाद्यांची वेणी घालून केलेला असे. तिकडे आजही खोगीर करणारे कारागीर गावोगाव आहेत आणि खऱ्या, म्हणजे कामावरच्या गुराख्यासाठी ते हाताने म्यानं शिवतात. त्यांच्याकडे या कामाला मान आहे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंच आहे.

आपल्याकडे असा गुराखी कोण? आपल्याकडे एकच एक माणूस नाही. मेंढरं घेऊन चारणीला जाणारा धनगर आहे. घोडेगावच्या, काष्टीच्या, वाळकीच्या बाजारात जनावरांच्या मागे उभा राहणारा माणूस आहे. आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ऊसतोड कामगार. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पलीकडे बीड जिल्हा, इथून दरवर्षी दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात. बैल, बायको, पोरं, भांडीकुंडी आणि कोयता. हा माणूस जनावरं सांभाळतो, पातं चालवतो आणि महिनोनमहिने उघड्यावर राहतो. सिनेमातल्या गुराख्याची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत, फक्त सिनेमा नाही.

त्याच्या हत्याराचं महत्त्व केवढं, तर मोजणीच कोयत्यात होते. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसाचं नाव हत्याराला नाही, हत्याराचं नाव माणसाला. आता गंमत बघा, ज्या हत्यारावर हिशेब चालतो, त्या कोयत्याला आपल्याकडे बहुधा म्यान नसतं. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळायचा, नाहीतर गाडीत सामानात खोचून द्यायचा. त्याच गाडीत पोरं झोपलेली असतात.

कोकणात वेगळी सोय आहे. तिथे कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधतात आणि कोयता त्यात अडकवतात. हात मोकळे राहतात, झाडावर चढता येतं. म्हणजे उघडं पातं अंगाशी सुरक्षित कसं बाळगायचं, हा प्रश्न त्यांनी सोडवलेला आहे, पण चामडं न वापरता. घाटावर आपण तो प्रश्न सोडवला नाही, असं म्हणायला हरकत नाही. चामड्याचं काम येणारी माणसं गावोगाव असताना सोडवला नाही, हे जास्त विचार करण्यासारखं आहे.

कारण गावात चामड्याचं काम थोडं नव्हतं. उलट शेती चामड्यावर चालत होती, असं म्हटलं तरी चालेल. विहिरीवर मोट होती. अख्ख्या कातड्याची मोट, तिला खाली सोंड, वर जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची आणि सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची. मोट फाटली की बागायत थांबली. शिवाय जुवाच्या सापत्या, आसूड, घुंगुरमाळांचे पट्टे, पाणी वाहायच्या पखाली आणि पायातल्या वहाणा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला. बलुतेदारी कशी चालायची, कोणाकडे कोणतं काम, त्या बदल्यात खळ्यावर काय मिळायचं, हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी तो वाचावा. आत्र्यांची सगळी मतं पटतील असं नाही. आम्हाला बरीच पटत नाहीत. पण निरीक्षण असं, की त्याला तोड नाही.

आणि महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या पुस्तकाचं नावच ‘शेतकऱ्याचा असूड’. आम्ही विद्यार्थ्यांना विचारत असू, असूड पाहिलाय का? बहुतेकांनी पुस्तकाचं नाव पाठ केलेलं असायचं, वस्तू पाहिलेली नसायची. वस्तू पाहिल्याशिवाय त्या नावातला दणका कळत नाही.

पुढे ऑइल इंजिन आलं, विजेची मोटर आली, मोट गेली. ट्रॅक्टर आला, सापत्या गेल्या. पखाल तर म्हणीपुरती उरली, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. चामड्याच्या कामातून गावाच्या चर्मकाराकडे उरली ती चप्पल, आणि तीही पुढे रबराच्या, प्लास्टिकच्या चपलेने घेतली. त्याच्याकडे उरलं ते दुसऱ्याने केलेल्या बुटाला टाका घालणं.

हा झाला इतिहास. तो भराभर सांगितला, कारण आम्हाला खरं बोलायचंय ते म्यान शिवतात कसं याच्याबद्दल. एक म्यान नीट समजून घेतलं की बाकीचं आपोआप येतं.

सुरुवात चामड्यापासून. कच्चं कातडं म्हणजे चामडं नव्हे. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर लाकडासारखं कडक होतं. त्याला कमवावं लागतं. ‘कमावणं’ हा शब्द आपण पैशांसाठी वापरतो, शरीरासाठी वापरतो आणि कातड्यासाठी वापरतो. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे, निसर्गाने दिलेल्या कच्च्या मालाला श्रमाने टिकाऊ करणं. कातडं मिठातून काढून भिजवायचं, चुन्याच्या निवळीत ठेवायचं म्हणजे केस सुटतात. केस आणि आतलं मांस खरवडायचं, चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा. यांत जे तुरट द्रव्य असतं, ते कातड्याच्या तंतूंना जाऊन धरतं आणि तंतू एकमेकांशी असे बांधले जातात, की पुढे पाणी लागलं तरी कुजत नाहीत. आपल्या डोंगरांवर पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो ना, त्याची सालही याच कामाची.

कोल्हापूरकडची जुनी पद्धत फार सुंदर आहे. कातडं पिशवीसारखं शिवून घेतात, त्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरतात आणि ते लाकडाच्या तिकाटण्याला टांगून ठेवतात. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपतं, ते परत वर ओततात. मग पिशवी उलटी करून टांगतात. सगळं मिळून काही आठवडे जातात. याच्या उलट क्रोमची पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच कमावलं जातं. एक-दोन दिवसांत काम होतं, चामडं मऊ होतं, उकळत्या पाण्यातही फारसं आक्रसत नाही. पिशवीच्या अस्तराला, जॅकेटला उत्तम.

पण म्यानाला नाही, बरं का. म्यानाला हवं असतं अंग धरणारं चामडं. सालीत कमावलेलं चामडं भिजवलं की मऊ होतं, त्याला हव्या त्या आकारात दाबून ठेवलं आणि सावलीत वाळवलं की तो आकार कायमचा धरतं. क्रोमचं चामडं असं आकार धरत नाही, परत सैल पडतं. सैल म्यानातून पातं निसटतं. शिवाय जनावराच्या अंगावरचं सगळं चामडं सारखं नसतं. पाठीकडचं, पुठ्ठ्याचं घट्ट आणि जाड, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. म्यान पुठ्ठ्याच्या चामड्याचं. पोटाकडचं वापरलं तर पहिल्या दिवशी कुणाला कळत नाही, सहा महिन्यांनी कळतं. हे माहीत असूनही पोटाकडचं वापरणारा आणि माहीत असून न वापरणारा, यांच्यातला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. नीतिशास्त्र शिकवताना आम्हाला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट, पट्टी. सरळ सुरीचं म्यान म्हणजे चामडं दुमडून एका बाजूने शिवायचं. पण मग धार नेमकी शिवणीवर येते. दहा वेळा सुरी आत-बाहेर केली की दोरा कापला जातो. म्हणून दोन पदरांच्या मधे, धारेच्या बाजूला, चामड्याची एक जाड पट्टी घालतात. धार पट्टीवर टेकते, शिवणीपर्यंत पोचतच नाही. वरून पाहणाऱ्याला ती पट्टी दिसत नाही. म्यान विकत घेताना कडेवर बघा. दोन पदर दिसले तर ठेवून द्या, तीन दिसले तर किंमत विचारा.

तिसरी गोष्ट, टाका. शिवणयंत्रात दोन दोरे असतात, वरचा आणि खालचा, एकमेकांत अडकलेले. एक दोरा एका जागी तुटला की टाके सुटत जातात. हाताच्या शिवणीत एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून दोन्ही सुया, एक इकडून, एक तिकडून. प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी बांधला जातो. मधला एखादा तुटला तरी शेजारचे तसेच धरून राहतात. खोगीर करणारे जगभर याच टाक्याने शिवतात. आमच्या दृष्टीने ही लोकशाहीची चांगली व्याख्या आहे, पण ते असो.

आता कोयत्याचं पातं सरळ नाही, इथे खरी अडचण. पातं वाकडं आणि धार आतल्या बाजूला. वाकडं पातं सरळ नळकांड्यात जात नाही. त्यामुळे सुरीचं म्यान मोठं करून कोयत्याला लावता येत नाही. त्याला वेगळा विचार लागतो. पाठीकडून उघडं असलेलं म्यान, धारेवर बसणारी दुपदरी जाड पट्टी, आणि पाठीवरून आडव्या येणाऱ्या दोन वाद्या, बटणाने किंवा पितळी गुंडीने अडकणाऱ्या. कोयता आत सरकवायचा नाही, ठेवायचा आणि बांधायचा. काढताना एका हाताने दोन वाद्या सुटल्या पाहिजेत, कारण दुसऱ्या हातात ऊस असतो.

हे आम्हाला कुणी सांगितलं? इथल्याच एका कारागिराने. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांच्यापुढे आम्ही कोयत्याच्या म्यानाची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी लगेच रापी हातात घेतली नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली. वापरणारा उजवा की डावरा? बाईमाणूस वापरणार की गडी? कमरेला लावणार की गाडीत ठेवणार? कमरेला लावलं तर बसताना टोचेल त्याचं काय? ओल्या उसाचा रस पात्याला असतो, तो पुसून ठेवणार की तसाच? धार दगडावर लावणार की कानशीने? गाडीत ठेवणार तर बैल चावतील का? शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही हसलो. ते हसले नाहीत. चामड्याला घामाचं मीठ लागलेलं असतं, बैल चाटतात आणि चघळतात, म्हणाले.

मराठीत या प्रश्नांना एक शब्द आहे. चांभारचौकशा. नसत्या उठाठेवी, निरर्थक भोचकपणा, असा त्याचा अर्थ आपण करतो. घरात लहान मुलाने चार प्रश्न विचारले की आपण तो शब्द फेकतो. मंडळी, हे प्रश्न नसते आहेत का? एकेका प्रश्नाच्या उत्तरावर वादी कुठे येणार, पट्टी केवढी जाड, टाका केवढ्या अंतरावर, हे ठरत होतं. वस्तू करण्याआधी वापरणाऱ्याचं आयुष्य समजून घेणं, याला आज डिझाइनच्या संस्थांमध्ये अभ्यासक्रम आहेत आणि त्यांची फी भारी आहे. आपल्या भाषेने त्याच ज्ञानाची शिवी करून ठेवली. एखाद्या समाजाने कुठल्या ज्ञानाचा अपमान केला, हे त्याच्या शब्दकोशात सापडतं. पायीची वहाण पायीच बरी, हीही आपलीच म्हण. अॅरिस्टॉटल मात्र नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सज्जन माणूस कसा वागतो हे सांगताना दृष्टांत देतो तो चांगल्या चांभाराचा. हाताशी जे चामडं आलं असेल त्यातून सगळ्यात चांगला जोडा करणारा, तसा तो सज्जन, मिळालेल्या परिस्थितीतून सगळ्यात चांगलं वर्तन घडवणारा.

आणि सॉक्रेटिसच्या ओळखीचा एक चांभार होता, सायमन नावाचा. सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बोलत बसायचा आणि सायमन ते लिहून ठेवायचा, असं डायोजेनिस लाएर्शियसने नोंदवलंय. पेरिक्लीजने त्याला आश्रय देऊ केला, तर बोलण्याचं स्वातंत्र्य विकायचं नाही म्हणून त्याने नकार दिला, अशीही आख्यायिका आहे. विसाव्या शतकात अथेन्सच्या जुन्या चौकाजवळ उत्खनन झालं, तेव्हा एका घरात जोड्याचे बारीक खिळे सापडले आणि एका पेल्याच्या बुडावर सायमनचं नाव. तो हाच सायमन असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण म्हणावंसं वाटतं.

आपल्याकडेही असे आहेत. संत रोहिदास आहेत. बाराव्या शतकातल्या कल्याणचे शरण हरळय्या आहेत, ज्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपल्याच मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले, असं परंपरा सांगते. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी ठरलं, आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला. जोडे पूज्य झाले, पण सोयरीक सहन झाली नाही.

शिवाशिवीचा हिशेब किती सोयीचा होता, हे चामड्यात स्वच्छ दिसतं. कीर्तनाचा पखवाज चामड्याचा. तबल्याची पुडी चामड्याची, ती ताणणारी वादी चामड्याची. जप करायला मृगाजिन चालायचं. आणि हिरडा. हिरड्याच्या पाण्यात कातडं टाकलं की चामडं, हिराकस टाकलं की काळी शाई. तुरट द्रव्य तेच. एकाने त्याच्यातून पोथी लिहिली, दुसऱ्याने पायताण केलं. एकाला ओसरीवर पाट मिळाला, दुसरा गावकुसाबाहेर गेला. रसायनशास्त्राला हा फरक कुठेच सापडत नाही.

म्हणून आता तो मुद्दा, जो आम्ही मघाशी लक्षात ठेवायला सांगितला. तिकडे या कामाला मान आहे, तेव्हा ते टिकलं. आपण इथे बसून ‘कला लोप पावतेय हो’ असं म्हणायला मोकळे आहोत. पण कोण म्हणतंय? ज्यांच्या घरात कधी चुन्याच्या हौदाचा वास आला नाही, ते म्हणतायत. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढणं एकावर लादलेलं, कातडं कमावणं दुसऱ्यावर, शिवणं तिसऱ्यावर, दोर वळणं चौथ्यावर, आणि पुन्हा या चौघांतही वरखाली. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडा, मृतमांस सोडा असं सांगितलं, तेव्हा ते एका धंद्याविरुद्ध बोलत नव्हते, त्या धंद्याला जखडलेल्या जन्माविरुद्ध बोलत होते. वतनाच्या तुकड्यापायी माणूस गावचा बांधील राहायचा. कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

याच काळात दुसरा एक प्रयत्न चालला होता, तोही महाराष्ट्रातच. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालवलं, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन, उच्चशिक्षित ब्राह्मण, त्यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केलं, आणि पुढे कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. तिथे मेलेलं जनावर सोलण्यापासून कातडं कमावण्यापर्यंतची कामं ते स्वतः करत. ज्यांच्यावर लादलंय त्यांनी सोडावं, आणि ज्यांच्यावर लादलेलं नाही त्यांनी हातात घ्यावं. या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं शिकवलं जातं. आमचं मत वेगळं आहे. पहिली वाट न्यायाची आहे, म्हणून ती आधी. दुसरी वाट शुद्धीची आहे आणि ती पहिलीशिवाय ढोंग ठरते. अप्पासाहेबांनी ढोंग केलं नाही, पण त्यांच्यामागून किती जण गेले ते मोजायला हाताची बोटं पुरतात.

आजची स्थितीही सांगितली पाहिजे. संत रोहिदास यांच्या नावाने चर्मोद्योगाचं महामंडळ १९७४ पासून आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. रास्तच होता. पण त्या गहजबात आवाज चढवणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात त्या वेळी हाताने शिवलेली चप्पल होती, हा प्रश्न आम्हाला पडला. चांभारचौकशी म्हणा हवं तर.

दुसरीकडे कच्च्या मालाची अडचण. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हशीचं कातडं यात येत नाही, आपसूक मेलेल्या जनावराचंही नाही. पण रस्त्यात कातड्याची गाडी अडवणारा कायद्याची कलमं वाचून येत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली आणि त्यानंतर तिथल्या अनेकांनी जनावरं उचलायचंच सोडलं. पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर हे काम लादलं, त्यांना तेच केल्याबद्दल मारायचं, हा कुठला न्याय? परिणाम असा, की आपल्या भागातला कारागीर आज चामडं मागवतो चेन्नईहून, कानपूरहून, कोलकात्याहून. आजूबाजूला जनावरं आहेत, बाभळी आहेत, तरवड आहे आणि चामडं शेकडो मैलांवरून.

मग म्यान कोणी शिवायचं? आमचं उत्तर असं, की ज्याला शिवावंसं वाटेल त्याने. कारागिराच्या मुलाने बँकेत नोकरी धरली तर त्याला कुणी हळहळत बोलू नये. त्याच्या जागी कुणा देशपांड्याचा किंवा पाटलाचा मुलगा आरी घेऊन बसला तर त्याच्याकडेही कुणी नवल म्हणून पाहू नये. पण त्याने शिकायचं कुणाकडून, तर ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्याकडून, आणि शिकवण्याचं मोल देऊन. हल्ली शहरात हाताने शिवलेल्या पिशव्या भारी किमतीला विकल्या जातात. त्या शिवणारी काही मुलंमुली फार मन लावून काम करतात, आम्ही पाहिलंय. त्यांना आमची एकच विनंती असते, दहा पिशव्या शहरातल्या गिऱ्हाइकाला विका, अकरावी वस्तू कामावरच्या माणसासाठी करून बघा. धनगराची पिशवी करा. त्यात काय काय मावलं पाहिजे ते त्याला विचारा. भाकरी, औषधाची बाटली, कात्री, मोबाईल आणि कधी कधी त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू. कोकरू मावेल अशी पिशवी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, की ऊसतोड कामगाराला चामड्याचं म्यान परवडेल का? खरा प्रश्न आहे. एक चांगलं म्यान हाताने करायला दिवस जातो, चामड्याची किंमत वेगळी. जो उचल घेऊन निघालाय तो त्यावर पैसे घालणार नाही आणि घालू नयेत. कोयता, हातमोजे, पायातले बूट हे ज्याच्यासाठी ऊस तोडला जातो त्याने द्यायचं असतं. सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात, प्रवरानगरला १९५० च्या सुमारास उभी राहिली, त्याचा आपल्याला अभिमान आहे. कोयत्याचं म्यान कारखान्याच्या खर्चात धरायला तो अभिमान आड येऊ नये. चामड्याचं नको असेल तर जाड कॅनव्हासचं करा. गाडीत झोपलेल्या पोराला उघडं पातं लागू नये, एवढं साधलं तर चामड्याचा आग्रह आम्ही सोडून देऊ.

आणि ज्यांच्याकडे चामड्याचं म्यान आहे किंवा जे करून घेणार आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं. काम संपल्यावर पातं म्यानात ठेवून देऊ नका. सालीत कमावलेल्या चामड्यात तुरट द्रव्य शिल्लक असतं, ते लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात, आणि चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं म्हणून गंज चढतो. हिरडा-हिराकसाच्या शाईचाच हा प्रकार, फक्त नको तिथे. हंगाम संपला की पातं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि कागदात गुंडाळून वेगळं ठेवायचं. म्यान ओलं झालं असेल तर सावलीत वाळवायचं, चुलीजवळ नाही, उन्हात नाही. वाळलं की आतून-बाहेरून थोडं एरंडेल चोळायचं. थोडंच. जास्त लावलं की चामडं मऊ पडतं आणि आकार सोडतं. आणि टांगून ठेवायचं ते गोठ्यापासून लांब, बैलाचं तोंड पोचणार नाही अशा खुंटीला.